सागरी संकटसूचक यंत्रे व उपग्रह-संदेशवहन : विश्वसनीयतेचा प्रश्न

प्रस्तावना :

खुल्या समुद्रावर नौकेवर संकट कोसळले, तर त्याची वार्ता किनाऱ्यापर्यंत पोहोचावी कशी, हा प्रश्न नौकानयनाइतकाच जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बिनतारी संदेशवहनाने त्याचे अंशतः उत्तर दिले आणि त्याच शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत कृत्रिम उपग्रहांनी ते पुष्कळसे पूर्ण केले. आज तळहातावर मावणाऱ्या यंत्राची कळ दाबताच संकटाची सूचना काही मिनिटांत हजारो किलोमीटर दूर असलेल्या नियंत्रण केंद्रात पोहोचू शकते. तथापि असे यंत्र कितपत विश्वसनीय आहे, या प्रश्नाला उत्पादकाच्या माहितीपत्रकातून मिळणारे उत्तर आणि समुद्रावरील प्रत्यक्ष घटनांतून मिळणारे उत्तर ही दोन्ही एकच असतात असे नाही. प्रस्तुत लेखात काही घटनांच्या आधारे या तफावतीचा विचार केला आहे. येथे विश्वसनीयता हा केवळ यंत्राचा गुण मानलेला नाही. संकटग्रस्त माणसापासून निघून मदतीच्या नौकेपाशी संपणाऱ्या संपूर्ण साखळीच्या संदर्भात तिचे विवेचन केले आहे.

संकटसूचक यंत्रणेची जडणघडण :

१९६८-६९ मध्ये 'संडे टाइम्स' या ब्रिटिश वृत्तपत्राने एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची 'गोल्डन ग्लोब' शर्यत आयोजित केली. नऊ नौका निघाल्या आणि एकच परतली. ती म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली'. ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती, हे येथे सहज नमूद करण्यासारखे आहे. प्रवासात त्यांचा रेडिओ निकामी झाला आणि कित्येक महिने ते जिवंत आहेत किंवा नाहीत हे कोणालाही ठाऊक नव्हते. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट यांनी रेडिओवरून आपल्या प्रगतीविषयी खोटी माहिती कळवली आणि ती दीर्घकाळ खपली. कारण नौका खरोखर कोठे आहे हे पडताळण्याचे कोणतेही स्वतंत्र साधन तेव्हा उपलब्ध नव्हते.

हे साधन उपग्रहांनी पुरवले. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स व तत्कालीन सोव्हिएत संघ यांनी १९७९ मध्ये केलेल्या सामंजस्यातून 'कॉस्पास-सारसात' ही यंत्रणा उभी राहिली. शीतयुद्धाच्या ऐन काळात दोन्ही गटांनी एकत्र येऊन चालवलेला हा प्रकल्प आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासकांनीही पाहण्याजोगा आहे. ३० जून १९८२ रोजी 'कॉसमॉस-१३८३' हा तिचा पहिला उपग्रह प्रक्षेपित झाला आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला कॅनडातील ब्रिटिश कोलंबियामध्ये कोसळलेल्या लहान विमानातील तिघे त्याच्या साहाय्याने वाचले. तेव्हापासून या यंत्रणेमुळे पन्नास हजारांहून अधिक लोकांचे प्राण वाचले आहेत.

नौकेवरील संकटसूचक, ज्याला दर्यावर्दी 'ईपर्ब' म्हणतात, तो ४०६ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर ५ वॅट शक्तीने साधारणतः दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा स्पंद सोडतो. त्यात यंत्राचा १५ चिन्हांचा ओळख-क्रमांक असतो आणि यंत्रात जीपीएस असल्यास स्थानही असते. बॅटरी किमान ४८ तास टिकावी लागते. नौका बुडाली तर ठरावीक खोलीवर पाण्याच्या दाबाने कळ सुटून यंत्र आपोआप पृष्ठभागावर यावे, अशीही सोय काही प्रकारांत असते.

हे स्पंद टिपणारे उपग्रह तीन वेगवेगळ्या उंचींवर फिरतात आणि विश्वसनीयतेचा बराचसा प्रश्न या उंचीशी निगडित आहे. सुमारे ८५० ते १,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह डॉप्लर परिणामाच्या आधारे, म्हणजे जवळ येणाऱ्या व दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर जसा बदलतो त्या तत्त्वावर, संकेताचे स्थान काढतात. पण उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत वाट पाहावी लागते आणि विषुववृत्तालगत ही प्रतीक्षा अधिक असते. सुमारे ३६,००० किलोमीटरवरील भूस्थिर उपग्रह सूचना तत्काळ पोहोचवतात, परंतु यंत्राने स्वतःचे स्थान सांगितले नसेल तर ते या उपग्रहांना काढता येत नाही. अलीकडे जीपीएस, गॅलिलिओ व ग्लोनास या मार्गदर्शक उपग्रहांवरही, म्हणजे सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर, संकेतग्राहक बसवले आहेत. एकाच वेळी अनेक उपग्रहांनी संकेत टिपल्यामुळे तत्काळ सूचना आणि स्थाननिश्चिती या दोन्ही गोष्टी साधतात.

या फरकाची किंमत काय असू शकते, हे 'एल फारो' या अमेरिकी मालवाहू जहाजाच्या दुर्घटनेत दिसले. १ ऑक्टोबर २०१५ रोजी बहामा बेटांनजीक 'वाकीन' चक्रीवादळात हे जहाज ३३ जणांसह बुडाले. त्याच्या संकटसूचकाचा संकेत भूस्थिर उपग्रहामार्फत पोहोचला, परंतु त्या यंत्रात जीपीएस नसल्यामुळे त्यातून स्थान मिळाले नाही. ते जहाजाने अन्य उपग्रह-साधनाने आधीच पाठवलेल्या सूचनेतून मिळाले होते. यंत्र नियमानुसार चालले, तरीही शोधकार्याला जे सर्वप्रथम हवे असते ते त्याने दिले नाही. १ जुलै २०२२ पासून मोठ्या जहाजांवर नव्याने बसवल्या जाणाऱ्या संकटसूचकांत स्थानदर्शक ग्राहक असणे आंतरराष्ट्रीय नियमांनी आवश्यक केले आहे. जवळच्या जहाजांच्या पडद्यावर दिसणारा संकेतही त्यांना सोडता आला पाहिजे.

दोन यंत्रे, दोन कामे :

संकटसूचकाहून उपग्रह-संदेशक हे निराळे साधन आहे. ते शब्द पाठवते व शब्द स्वीकारते. ही सेवा खाजगी कंपन्यांची असते आणि तिची वर्गणी भरावी लागते. ती संपली की यंत्र मुके होते. संकटसूचकाला वर्गणी नसते. संदेशकाची बॅटरी रोज वापरली जाते, रोज भरावी लागते. संकटसूचकाची बॅटरी मोहोरबंद असून ती केवळ त्या एका प्रसंगासाठी राखलेली असते. सर्व संदेशकांचा पल्लाही सारखा नाही. 'इरिडियम'चे ६६ उपग्रह परस्परांशी जोडलेले असल्याने ते ध्रुवांसह सर्व महासागरांवर सेवा देतात. याउलट 'ग्लोबलस्टार'चा उपग्रह नौकेला व किनाऱ्यावरील केंद्राला एकाच वेळी दिसावा लागतो, आणि त्यामुळे दूरच्या समुद्रात पोकळ जागा राहतात. दुकानात ही दोन्ही यंत्रे शेजारीशेजारी ठेवलेली असतात व दोन्हींवर आपत्कालीन कळ असते. सामान्य ग्राहकाची दिशाभूल होते ती येथेच.

'थुरिया'ची घटना :

या दोन साधनांच्या कार्यातील भेद स्पष्ट करणारे उदाहरण २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत घडले. मूळ शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरवलेल्या या शर्यतीत जुन्याच पद्धतीने, जीपीएसशिवाय नौकानयन करावयाचे होते. मात्र संकटसूचक, स्थाननोंद करणारे यंत्र व आणीबाणीसाठी उपग्रह-दूरध्वनी ही साधने नौकेवर ठेवलेली होती. भारतीय नौदलातील अधिकारी कमांडर अभिलाष टॉमी हे 'थुरिया' घेऊन त्यात उतरले होते. 'सुहेली'च्या धर्तीवरील ही नौका गोव्यात बांधलेली होती.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, दक्षिण हिंदी महासागरात, प्रचंड वादळात 'थुरिया' उलटली. तिची डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. त्यांच्या संकटसूचकाने नौकेचे स्थान कळवले. परंतु नौकेत नेमके काय घडले आहे, हे किनाऱ्याला कळले ते संदेशकावरून आलेल्या मोजक्या शब्दांनी. नौका उलटली, डोलकाठी गेली, पाठ जायबंदी आहे, उठता येत नाही, एवढाच त्यांचा आशय होता. पुढील तुटक संदेशांतून पायाची बोटे हलतात पण चालता येत नाही, अन्नपाणी घेता येत नाही, हेही कळले.

या शब्दांमुळे शोधकार्याचे स्वरूप बदलले. बुडत्या नौकेवरील माणूस जीवरक्षक तराफ्यात उतरून वाट पाहत असेल, असे सर्वसाधारण गृहीतक असते. येथे माणूस नौकेतच, अंथरुणाला खिळलेला होता. त्याला स्ट्रेचरवर घालून काढावे लागणार होते, तराफा त्याच्या उपयोगाचा नव्हता. संकटसूचकाने 'कोठे' हे सांगितले आणि संदेशकाने 'काय' हे सांगितले. यांपैकी एक नसते तर दुसरे निम्मेच उपयोगी ठरले असते.

याच घटनेची दुसरी बाजूही पाहणे आवश्यक आहे. आणीबाणीची साधने भरून ठेवलेली एक पिशवी नौकेवर सज्ज होती. तीत दुसरा संदेशक व हातातील रेडिओ होता. पण जायबंदी माणसाला काही हातांवरील त्या पिशवीपर्यंत पोहोचता आले नाही. संपूर्ण संपर्क मुख्य संदेशकाच्या एका बॅटरीवर टिकून राहिला. राखीव यंत्र कागदावर होते, प्रत्यक्षात नव्हते. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन बचाव समन्वय केंद्राने सूत्रे हाती घेतली, मॉरिशसहून निघालेल्या भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानाने मोडलेली नौका शोधली आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच मत्स्य-गस्त जहाजाने टॉमी यांना बाहेर काढले. सूचना मिळण्यास विलंब झाला नव्हता, स्थानही ठाऊक होते, तरीही माणसापर्यंत पोहोचण्यास तीन दिवस लागले. उपग्रहाचा वेग आणि जहाजाचा वेग यांतील हे अंतर कोणत्याही यंत्राला भरून काढता येत नाही.

साखळीचे गणित :

अभियांत्रिकीत एकापुढे एक जोडलेल्या घटकांची एकूण विश्वसनीयता त्यांच्या गुणाकाराने काढतात. समुद्रावरील संकटाच्या साखळीत ढोबळमानाने पाच दुवे मानता येतील. माणसाने वा पाण्याच्या दाबाने यंत्र सुरू होणे, त्याच्या अँटेनाला आकाश दिसणे, उपग्रह व भूकेंद्राने संकेत टिपणे, बचाव केंद्राने तो खरा मानून कृती करणे, आणि मदतीच्या नौकेने तेथे पोहोचून माणूस शोधणे, असे हे दुवे होत. केवळ उदाहरणादाखल प्रत्येक दुवा शेकडा ९५ वेळा यशस्वी होतो असे धरले, तर पाचही दुवे साधण्याची शक्यता शेकडा ७७ इतकीच उरते. प्रत्येक टप्प्यावर 'उत्तम' असणारी यंत्रणा एकूणात चारांतल्या एकाला जवळजवळ मुकते.

यावर उपाय म्हणून दोन स्वतंत्र यंत्रे बाळगावीत असे सांगितले जाते व ते योग्यच आहे. पहिल्या चार दुव्यांपुरती दोन समांतर साधने असली, तर त्या टप्प्याची विश्वसनीयता शेकडा ८१ वरून सुमारे ९७ वर जाते. पण पाचवा दुवा दोघांनाही समाईक असल्याने एकूण आकडा ९२च्या आसपासच थांबतो. शिवाय हे गणित दोन्ही यंत्रे परस्परांपासून खरोखर स्वतंत्र आहेत या गृहीतावर उभे आहे. दोन्ही एकाच पिशवीत असतील, किंवा दोन्हींची कळ एकाच जायबंदी हाताने दाबायची असेल, तर ती स्वतंत्र नव्हेत. यंत्रांची संख्या वाढवण्यापेक्षा ती वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या रीतीने सुरू होणारी असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

पाचव्या दुव्याविषयी आणखी दोन उदाहरणे देता येतील. ३० नोव्हेंबर २०२० रोजी 'वांदे ग्लोब' शर्यतीत केव्हिन एस्कोफिए यांची नौका दक्षिण अटलांटिकमध्ये लाटेत मोडून पडली. जवळचे स्पर्धक ज्याँ ल काम तेथे पोहोचले, त्यांना तराफ्यातील एस्कोफिए दिसले, दोघांत चार शब्दही झाले, आणि पुन्हा लाटांआड ते हरवले. त्यानंतर संकेताची स्थाने व तराफा कोठे वाहत जाईल याचा अंदाज यांच्या साहाय्याने कित्येक तासांनी, रात्रीच्या अंधारात, त्यांना उचलण्यात यश आले. पुढे १८ नोव्हेंबर २०२२ रोजी तापिओ लेहतिनेन यांची 'आस्तेरिया' दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेस सुमारे पाच मिनिटांत बुडाली. एवढ्या अवधीत विचारपूर्वक संदेश लिहिणे अशक्यप्राय असते. येथे संकटसूचकच कामी आला. कर्स्टन नॉयशेफर यांनी आपली नौका वळवून सुमारे एका दिवसाने त्यांना वाचवले. मदतीसाठी मार्ग बदलणाऱ्या दुसऱ्या स्पर्धकाचे नाव अभिलाष टॉमी असे होते.

नोंदणी व खोट्या सूचना :

संकटसूचकांच्या विश्वसनीयतेला सर्वांत मोठा धक्का तंत्रज्ञानाने नव्हे तर वापरकर्त्यांनी दिला आहे. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या यंत्रांत ओळख-क्रमांक नव्हता. संकेत खरा की खोटा, कोणाचा, हे कळत नसे, आणि बहुसंख्य संकेत खोटेच निघत. अखेर १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ही वारंवारता ऐकणे बंद केले. ४०६ मेगाहर्ट्झच्या यंत्रांत क्रमांक असल्याने केंद्रातील अधिकारी प्रथम नोंदवहीतील दूरध्वनी क्रमांकावर चौकशी करतात. नौका बंदरात उभी आहे असे कळले तर प्रकरण दोन मिनिटांत मिटते. ती समुद्रात आहे असे कळले तर तिचा प्रकार, रंग, माणसांची संख्या ही माहिती हाती येते. परंतु यंत्र नोंदलेलेच नसेल, किंवा नौका विकली गेल्यावर नोंद जुन्याच मालकाच्या नावे राहिली असेल, तर हा दुवा निखळतो. भंगारात काढलेल्या जहाजांवरून आलेल्या सूचनांनी नियंत्रण केंद्रांचा किती वेळ खाल्ला, हा स्वतंत्र विषय होईल.

युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनी जानेवारी २०२० पासून 'परतीचा दुवा' ही सेवा सुरू केली. ती असलेल्या यंत्रावर संकेत पोहोचल्याची खूण उमटते. ती खूण संकेत मिळाल्याची असते, मदत निघाल्याची नसते. तरीही तराफ्यात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे.

भारतीय किनाऱ्याची स्थिती :

वरील बहुतेक उदाहरणे शर्यतीतील नौकांची आहेत. त्यांच्यावर सर्वांचे लक्ष असते, यंत्रांवर खर्च झालेला असतो. भारतीय समुद्रात रोज उतरणाऱ्या मच्छीमाराची परिस्थिती अगदी निराळी आहे. त्याचा भ्रमणध्वनी किनाऱ्यापासून काही किलोमीटरपर्यंतच चालतो. नोव्हेंबर २०१७च्या अखेरीस 'ओखी' चक्रीवादळ कन्याकुमारीनजीक झपाट्याने तयार झाले, तेव्हा केरळ व तमिळनाडूतील अनेक नौका आधीच खोल समुद्रात होत्या. इशारा निघाला, पण तो त्यांच्यापर्यंत नेणारे साधन नव्हते. शेकडो मच्छीमार मृत वा बेपत्ता झाले. त्याच दिवसांत ६८ नौका व ९५२ मच्छीमार वाऱ्यापुढे येऊन सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्याला, देवगड परिसरात सुखरूप लागले. ते जिवंत आहेत हे त्यांच्या गावी कळले ते नौका धक्क्याला लागल्यावर.

या अनुभवानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जेमिनी' हे यंत्र आले. ते गगन उपग्रहांमार्फत वादळाचे इशारे व मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती मच्छीमाराच्या भ्रमणध्वनीवर पोहोचवते. मात्र नौकेवरून त्यातून काही कळवता येत नाही. त्याआधी, २०१० पासून, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने विकसित केलेले संकटसूचक यंत्र, म्हणजे 'डॅट', वापरात होते. आग, नौका बुडणे, वैद्यकीय मदत अशा प्रसंगांची सूचना ते पाठवी. मात्र ती पोहोचली की नाही हे तांडेलाला कधीच कळत नसे. थोडक्यात, एक यंत्र ऐकत होते पण बोलत नव्हते आणि दुसरे बोलत होते पण ऐकत नव्हते. उत्तर न देणाऱ्या यंत्रावर माणसाचा भरवसा बसत नाही, आणि भरवसा नसलेले यंत्र नौकेच्या कोपऱ्यात पडून राहते. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'डॅट'च्या दुसऱ्या पिढीत सूचना मिळाल्याची पोच परत पाठवण्याची सोय केली आहे. ही सुधारणा तांत्रिकदृष्ट्या लहान दिसली तरी तीच अधिक महत्त्वाची मानली पाहिजे.

खाजगी उपग्रह-संदेशकांचा मार्ग भारतीय समुद्रात जवळपास बंद आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून आले होते व त्यांच्याकडे उपग्रह-दूरध्वनी होता. त्यानंतर परवान्याविना अशी साधने बाळगण्याविरुद्धचे नियम कठोरपणे राबवले जाऊ लागले. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील विमानतळावर एका परदेशी महिला प्रवाशावर अशाच संदेशकामुळे गुन्हा दाखल झाला. सुरक्षेचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे परदेशी नौकेला जे साधन सहज उपलब्ध असते, ते कोकणातील नौकेला मिळत नाही, ही विसंगती उरते. ती भरून काढण्याची जबाबदारी मग शासनावरच येते.

त्या दिशेने ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे नौका-संपर्क व साहाय्य प्रणालीचा आरंभ झाला. किनारी राज्यांतील यांत्रिक व मोटार बसवलेल्या एक लाख मासेमारी नौकांवर दुतर्फा संपर्काचे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची ही योजना सुमारे ३६० कोटी रुपयांची आहे. संदेश व संकेत यांची फारकत या यंत्राने बरीच कमी होईल. तथापि वर सांगितलेल्या साखळीतील पहिला व चौथा हे दुवे यंत्राबरोबर आपोआप येत नाहीत. तटरक्षक दलाच्या केंद्रातून मालकाला दूरध्वनी गेला, तर त्या फेरीला नौकेवर कोणकोण खलाशी गेले आहेत हे त्याला सांगता आले पाहिजे. कोकणातील नौकांवर परप्रांतीय व नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने असतात. रात्रपाळीला एकटा जागा असलेल्या अशा खलाशालाही यंत्र सुरू करता आले पाहिजे. केवळ तांडेलाला ते येणे पुरेसे नाही. पावसाळी मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, इंजिने उघडली जातात, जाळी विणली जातात. बॅटरीची मुदत, अँटेनाची जागा व नोंदणीतील दूरध्वनी क्रमांक तपासण्यासही तोच काळ सोयीचा आहे. मच्छीमार सहकारी संस्था आणि रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या किनाऱ्यावरील शिक्षणसंस्था यांना हे काम एकत्रितपणे हाती घेता येण्याजोगे आहे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नौकांची यादी व एक वही पुरते.